सहा कुलपं, एक लाल पेटी आणि तुवैकचा कडा

या सहलीची सुरुवात आमच्या फ्रिजच्या दारावर झाली. तिथे चुंबकाखाली एक फॉर्म तीन आठवडे लटकत होता, पुण्यातल्या मुलींच्या एका होस्टेलचा. माझी मुलगी सई बारावीत आहे, तिला पुढे पुण्यात भूशास्त्र शिकायचंय, आणि होस्टेलच्या जागा कमी म्हणून नावनोंदणी आधीपासूनच सुरू होते. फॉर्मवर तीन सह्या लागतात: विद्यार्थिनीची, आईची आणि वडिलांची. पहिल्या दोन झाल्या होत्या. तिसऱ्या सहीसाठी मला घरात पेन सापडत नव्हतं.

"बाबा, तुझी नेमकी अडचण काय आहे ते तरी सांग," एका संध्याकाळी सई म्हणाली.

अडचण सांगितली. मी मूळचा नाशिकचा, सौदीतल्या जुबैलमधल्या एका पेट्रोकेमिकल कंपनीत चौदा वर्षं सेफ्टी इंजिनिअर आहे. सई तीन वर्षांची होती तेव्हा आम्ही इथे आलो. शाळेची बस आमच्या दारात येते, दुकान कंपाउंडच्या आतच आहे, आणि बाकी जिथे कुठे जायचं तिथे मी गाडीनं सोडतो.

"तू आजवर एकटीनं रस्तासुद्धा ओलांडलेला नाहीस," मी म्हणालो.

"ओलांडायचा तर पलीकडे काहीतरी असायला हवं ना," ती म्हणाली.

हे खरं आहे. जुबैलमध्ये रस्त्यापलीकडे बहुतेक वेळा दुसरा रस्ताच असतो.

माझी बायको मंजिरी इथल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. माणसाला उठवून चालायला लावणं हा तिचा धंदाच, त्यामुळे वाद लांबवलेला तिला चालत नाही. ती म्हणाली, "सुहास, परीक्षा घे आणि विषय मिटव. डोंगरात एक रात्र काढू दे. स्वतःचं सामान पाठीवर, स्वतःचा स्वयंपाक, सगळी जबाबदारी तिची. निभावलं तर तू सही करायची." सईनं लगेच हात पुढे केला. मीही हात मिळवला. खरं सांगायचं तर मला खात्री होती की ती दुसऱ्या दिवशी विचार बदलेल.

दुसऱ्या दिवशी ती तीन भिडू घेऊन आली. नीना, तिच्याच वर्गातली केरळची मुलगी, बोलणं कमी आणि वहीत लिहिणं जास्त. फैजान, हैदराबादचा, अकरावीतला, त्याचं बरोबर उलटं. आणि आमच्याच इमारतीतल्या पाटलांचा रेयांश, वय पंधरा, उंची सहा फूट, भूक त्याहून थोडी जास्त.

जागा ठरली ती रियाधच्या पश्चिमेची. तिथे तुवैकचा कडा आहे. पठार सपाट चालत जातं आणि एकदम तुटतं, खाली रुंद दरी. या कड्यावरून पूर्वी उंटांचे तांडे खाली उतरायचे, त्यांच्यासाठी दगड रचून बांधलेली वाट अजून शाबूत आहे. सह्याद्रीत आपण आधी चढतो, घाम गाळतो आणि मग उतरतो. इथे हिशोब उलटा: गाडी पठारावर ठेवायची, आधी दरीत उतरायचं, खाली मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी दमलेल्या पायांनी वर चढायचं. मला हे परीक्षेच्या दृष्टीनं फारच सोयीचं वाटलं.

आता तयारीबद्दल, कारण पोरांना घेऊन असं काही करायचं मनात असेल तर खरं काम तेच आहे. आम्ही सहा आठवडे घेतले. पहिली अडचण अशी की जुबैल पोळपाटासारखं सपाट आहे. चढाचा सराव करायला आमच्या सहा मजली इमारतीचा जिना एवढाच डोंगर. दर शुक्रवारी सकाळी चौघं पाठीवरच्या पिशव्यांत बासमतीची पाच-पाच किलोची पोती घालून वरखाली करायची. तिसऱ्या मजल्यावरच्या इजिप्शियन बाईंना वाटलं, आम्ही घर बदलतोय. त्यांनी दोन शुक्रवार लिफ्ट धरून ठेवली आणि तिसऱ्या शुक्रवारी आमच्याकडे कीवेनं पाहायला लागल्या.

मी खाली खुर्ची टाकून वेळ लिहायचो.

"उंटावरून शेळ्या हाकायला देशही बरोबर निवडलायस," मंजिरी म्हणाली. पुढच्या शुक्रवारपासून माझ्याही पाठीवर तांदूळ आला.

माझ्या नोकरीचा एक दोष आहे. मला कोणतीही गोष्ट कागदावर धोक्यांसकट उतरवल्याशिवाय करता येत नाही. सहलीसाठी मी परमिट तयार केलं, म्हणजे प्लांटमध्ये काम सुरू करायच्या आधी जसा परवाना लिहितात तसा: काय करणार, कोण करणार, काय चुकू शकेल, चुकलं तर काय. विंचू, साप, तहान, पाय मुरगळणं, अचानक पाऊस आला तर ओढ्याला येणारं पाणी. "कोणी हरवलं तर" असं एक अख्खं पान होतं. हरवलेल्यानं जागचं हलायचं नाही. शिट्टी तीनदा वाजवायची. शोधायला कधीही एकट्यानं जायचं नाही, आणि तळावर दोघं थांबलेच पाहिजेत. माणूस सापडला की आधी त्याला नाव, वार, जागा विचारायची, डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला. मी हे पान प्रत्येक बैठकीत वाचून दाखवलं. रेयांशला ते पाठ झालं होतं. तो जेवताना म्हणायचा.

तंबू लावण्याची तालीम आमच्या दिवाणखान्यात झाली. पहिल्या खेपेला चाळीस मिनिटं आणि एक फुलदाणी गेली. पाचव्या खेपेला सात मिनिटं. पिठल्याची तालीम गच्चीवर, लहान गॅसच्या शेगडीवर. नीनानं पहिल्यांदाच पिठलं केलं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं, हे इथे नोंदवण्याची मंजिरीची अट आहे.

आणि मग फोनचा प्रश्न आला. चौघांचे फोन हातात असते तर ती सहल झालीच नसती. जमा करून घेतले तर "आमच्यावर विश्वास नाही" म्हणाले असते. अशा वेळी प्लांटमध्ये आमच्याकडे एक उत्तम पद्धत आहे. एखादं यंत्र दुरुस्तीला बंद केलं की त्याच्या किल्ल्या एका लाल पेटीत ठेवतात, आणि काम करणारा प्रत्येक माणूस त्या पेटीला स्वतःचं कुलूप लावतो. दहा माणसं तर दहा कुलपं. शेवटचा माणूस सुखरूप बाहेर येऊन आपलं कुलूप काढत नाही तोवर पेटी उघडत नाही, म्हणून यंत्र सुरूच होऊ शकत नाही. एका कुलपाला एकच किल्ली, दुसरी बनवतच नाहीत. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. या पद्धतीनं किती जणांचे हात-पाय वाचले असतील, त्याची मोजदाद नाही.

मी हार्डवेअरच्या दुकानातून तशीच पेटी आणि सहा लाल कुलपं आणली, प्रत्येकावर नाव चिकटवलं. सहाही फोन आत. नियम सगळ्यांना सारखा.

"माझाही?" मंजिरी म्हणाली.

"तुझाही. माझाही."

"आणि गरज पडली तर?"

"सगळे मिळून अर्ध्या मिनिटात उघडू."

हे वाक्य नीनानं वहीत लिहून घेतलं. ते अजून तिच्या वहीत आहे.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी पहाटे साडेचारला निघालो. आमच्या सात आसनी गाडीत सहा माणसं, सहा पिशव्या आणि फैजानच्या अम्मीनं दिलेला बिर्याणीचा हंडा, जो यादीत नव्हता.

"अंकल, अम्मी बोले अंकल कू भूका नक्को रखना," फैजान म्हणाला. यावर सेफ्टीच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

जुबैल ते दम्माम, तिथून रियाधचा महामार्ग, सगळं मिळून पाचएक तास. रस्ता इतका सरळ आहे की डोळा लागण्याची भीती खरी. चालवणारे दोघं असलेले बरे. वेगाचे कॅमेरे जागोजाग आहेत. दोन्ही बाजूंना वाळू, मध्येच तारेच्या कुंपणापलीकडे उंट. रियाधच्या अलीकडे एका पंपाजवळ फूल आणि तमीस खाल्लं: वाल शिजवून घोटलेली उसळ आणि तव्याएवढी गरम रोटी. सहा जणांचं पोट पंचवीस-तीस रियालमध्ये भरतं, रेयांश असूनसुद्धा. जळणाची लाकडं तिथेच रस्त्याकडेला घेतली. डोंगरात झाड तोडायला बंदी आहे आणि दंड जबर, तेव्हा लाकूड विकतच घ्यायचं आणि विस्तवासाठी पत्र्याची परात न्यायची. शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी दुकानं बंद होतात, म्हणून खरेदी अकराच्या आत उरकायची.

शेवटचे काही किलोमीटर कच्चे आहेत. फोर-व्हील असेल तर चिंता नाही. पठारावर गाडी लावली, बिर्याणी संपवली (हंडा खाली न्यायचा नाही यावर मी ठाम होतो) आणि मग सामानाची तपासणी केली. नीनाच्या पिशवीत आईनं कोंबलेली खोबरेल तेलाची मोठी बाटली. फैजानकडे इस्त्री केलेले तीन शर्ट. रेयांशनं बासमतीच्या वजनाची सवय मोडू नये म्हणून नूडल्सची अकरा पाकिटं घेतली होती. सईच्या पिशवीत यादीतल्या वस्तू होत्या, यादीच्याच क्रमानं, आणि एक भिंग. चूक सापडेना, म्हणून मी तिच्या बुटांच्या नाड्या पुन्हा बांधायला लावल्या.

मग पेटीचा कार्यक्रम. सहा फोन आत, सहा कुलपं बाहेर, ज्याची किल्ली त्याच्या खिशात, पेटी रेयांशच्या पाठीवर. परमिटवर सईला सहीनिशी टोळीप्रमुख नेमलं. परीक्षा तिची होती.

उंटांची वाट फार सुंदर आहे. नागमोडी, दगड एकावर एक रचलेले, कडेला बसकी भिंत. प्रत्येकाच्या पाठीवर पाच लिटर पाणी होतं, कारण खाली पाण्याचा थेंब नाही. उतरायला दीड तास लागला. फैजान वाटेत सतत बोलत होता आणि पाय घसरला की तेवढ्यापुरता थांबत होता. सई मात्र दर दहा पावलांना खडकाशी वाकत होती.

"बाबा, हे बघ. शिंपला. हा सगळा समुद्राचा तळ होता."

"पुढे बघून चाल," मी म्हणालो.

खाली काटेरी बाभळींच्या ओळीपाशी, ओढ्याच्या पात्रापासून मुद्दाम उंचावर, तळ टाकला. पात्रात तंबू कधीही लावू नका. पाऊस मैलभर लांब पडतो आणि पाणी तुमच्याकडे येतं. चौघांनी तंबू सहा मिनिटांत उभे केले. मी आणि मंजिरीनं आमचा लावायला अकरा मिनिटं घेतली. सूर्य कड्याआड गेला तसा दगडाचा रंग गुळासारखा झाला. पिठलं, भाकरी मंजिरीच्या, शेंगदाण्याची चटणी. जेवताना सई त्या शिंपल्यांबद्दल बोलत होती, कुठल्या थरात काय सापडतं, वरचा थर कोणता, खालचा कोणता. नीनानं प्रश्न विचारले, फैजाननंसुद्धा. मी परातीतल्या विस्तवाच्या सुरक्षित अंतराबद्दल विचार करत होतो. मध्येच सई थांबली आणि म्हणाली, "जाऊ दे, बाबाला कंटाळा आलाय." मी नाही म्हणालो, पण ते थोडं उशिरा म्हणालो.

ते मला झोपेतही बोचत राहिलं असावं. कारण सकाळी, नुकतं उजाडत होतं तेव्हा, मी पाण्याची बाटली आणि जबाबदार चेहरा घेऊन आडोसा शोधायला निघालो आणि परतताना एका घळीच्या तोंडाशी मला खडकात अर्धा शिंपला दिसला. मनात आलं, हिच्यासाठी एक चांगला, अख्खा शोधून न्यावा. रात्रीची भरपाई होईल. दोन मिनिटांचं काम. घळीत थोडं आत आणखी एक दिसला, त्याच्या पुढे तिसरा. तिसरा अख्खा होता, तळहातात मावेल असा, सुटा पडलेला. तो उचलून मी मागे वळलो तर माझ्यामागे दोन घळी होत्या आणि दोन्ही सारख्या दिसत होत्या.

या ठिकाणी काय करायचं ते मी सहा आठवडे शिकवत होतो. जागचं हलायचं नाही. मी तडक चालायला लागलो. शिट्टी तीनदा वाजवायची. माझी शिट्टी मी आदल्या दिवशी फैजानला दिली होती, त्यानं त्याची वाटेत हरवली म्हणून. कुणालाही न सांगता तळ सोडायचा नाही. तेही झालंच होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि इथे पाषाणही भोवताली भरपूर होते. वीस मिनिटं चालल्यावर मी खिशात फोन चाचपला. हाताला किल्ली लागली.

तेव्हा मला जी भीती वाटली ती हरवल्याची नव्हती. पेटीला सहा कुलपं होती, सहावी किल्ली माझ्या खिशात होती आणि मी कुठे होतो ते मलाच माहीत नव्हतं. म्हणजे तिथे कुणाला विंचू चावला, कुणाचा पाय मोडला, तरी कुणालाही फोन लावता येणार नव्हता. पाच जणांची मदतीची सोय मी, पगारी सेफ्टी इंजिनिअरनं, स्वतःच्या हातानं बंद करून किल्ली फिरायला नेली होती. प्लांटमध्ये पेटी बंद राहिली की माणूस वाचतो. इथे उलटं होतं, आणि हे सहा आठवड्यांत माझ्या एकदाही लक्षात आलं नव्हतं.

तळावर काय झालं ते मला नंतर चौघांनी चार प्रकारे सांगितलं. सई सव्वासहाला उठली. चहा झालेला नव्हता आणि कुणी कुणाला ओरडत नव्हतं. "बाबा नाहीये," ती म्हणाली. मंजिरी म्हणाली, येईल, पोटाचं काम असेल. पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग रेयांशनं पेटी पुढे ओढली आणि पाच जणांनी भराभर पाच कुलपं काढली. सहावं तसंच. त्यावर माझं नाव, माझ्याच हस्ताक्षरात.

"फोड डालते," फैजाननं दगड उचलला.

"थांब," सई म्हणाली. "कुलूप तोडायचं असेल तर आधी माणूस शोधतात, सगळीकडे बघून झालं की मग तोडतात. बाबाच सांगतो. एक तास शोधू. साडेसातपर्यंत सापडला नाही तर फोडायचं."

मग तिनं ते पान काढलं. मंजिरी आणि रेयांश तळावर थांबले. सई, नीना आणि फैजान निघाले, एकमेकांच्या नजरेत राहून. नीना दर वळणावर दगडांची छोटी रास लावत होती आणि वहीत नकाशा काढत होती. फैजान माझी शिट्टी वाजवत होता, दर पाच मिनिटांनी तीनदा. सईनं मऊ वाळूत माझ्या बुटांचे ठसे शोधले. मला हे ऐकताना मध्येच पाणी प्यायला उठावं लागलं.

इकडे मला वास आला. वेलदोड्याचा. घळ संपली आणि समोर दरीचा रुंद भाग, त्यात एक पिकअप, शेजारी लाल गालिचा, गालिच्यावर तक्क्याला टेकून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ, आणि शेगडीवर कॉफीचं भांडं. मी चौदा वर्षांत शिकलेली अरबी प्लांटमधली आहे. तिच्यात "खलास" (संपलं), "यल्ला" (चला) आणि "मुश्किला" (अडचण) याच्या पलीकडे फार काही नाही. मी छातीवर हात ठेवून तिन्ही शब्द वापरले.

"तफद्दल," म्हणजे या, बसा, असं ते शांतपणे म्हणाले आणि गालिच्यावर जागा करून दिली.

त्यांचं नाव अबू सालेह, रियाधहून आले होते, एकटेच, दर महिन्याला येतात. हे मला नंतर कळलं. त्यांनी माझ्या हातात गहव्याचा, म्हणजे त्या अरबी कॉफीचा, चिमुकला बिनबशीचा कप दिला, तीन खजूर दिले. पाहुण्यानं आधी प्यायचं, मग काम सांगायचं, हा इथला रिवाज आहे. मी प्यायलो. त्यांनी पुन्हा भरली. नको असेल तर कप हलवून परत द्यायचा असतो, हे मला माहीत आहे, दरवर्षी नव्या इंजिनिअरांना मीच सांगतो. त्या घाबरलेल्या अवस्थेत ते आठवलं नाही. पाच कप झाले तरी ते भरत होते आणि मी पीत होतो.

तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. तीनदा. मी उडी मारून पिकअपच्या हॉर्नकडे बोट दाखवलं. अबू सालेहनी एकदा माझ्याकडे, एकदा घळीकडे पाहिलं, उठले आणि तीनदा हॉर्न वाजवला. दहा मिनिटांनी घळीच्या तोंडाशी तिघं दिसली.

सई धावत आली नाही. परमिटवर धावायला मनाई आहे. ती चालत आली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली आणि म्हणाली, "नाव सांग."

"सई, अगं मी ठीक—"

"नाव."

"सुहास."

"वार कोणता?"

"शनिवार."

"कुठे आहेस?"

"ते माहीत असतं तर—"

"बाबा."

"तुवैकच्या खाली," मी म्हणालो. तिनं मान डोलावली. मग दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर दाबून धरले. मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला नाही, कारण फैजान आधीच रडत होता आणि बोलतही होता.

सई मग अबू सालेहशी बोलली. शाळेत शिकलेली अरबी, सावकाश, पण पूर्ण वाक्यं. आभार मानले, कोण, कुठले, सगळं सांगितलं. एक कप गहवा घेतला, मनगट किंचित हलवून कप परत दिला. ते खूश झाले. माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, तुझे वडील फार तहानलेले होते."

फैजान मात्र पिकअपभोवती फिरत होता. "अंकल," तो म्हणाला, "ये गाड़ी इधर तक कैसे आई?"

मी अबू सालेहच्या गालिच्याची वीण पाहू लागलो. दरीच्या खालच्या अंगानं रस्ता येतो. नकाशात स्पष्ट आहे. मी तो परीक्षेच्या दृष्टीनं सांगितला नव्हता.

"पाच-पाच लिटर पानी, अंकल," फैजान म्हणाला. नीनानं ते वहीत लिहून घेतलं.

अबू सालेह म्हणाले, सगळ्यांना सामानासकट वळसा घालून वर सोडतो. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. सईनं बाकीच्या दोघांकडे पाहिलं आणि अबू सालेहना नम्रपणे नाही सांगितलं. "परत चढून जायचं ठरलंय," ती मला म्हणाली. "परीक्षा अर्धी नको." मी खिशातला शिंपला काढून तिच्या हातात दिला आणि कशासाठी गेलो होतो ते सांगितलं. तिनं भिंगातून बराच वेळ पाहिला. चांगला आहे म्हणाली. मग मला सोबत नेऊन जिथून उचलला तिथे ठेवायला लावला, जिथला तिथेच राहायला हवा म्हणून. त्या जागेवर ती मला पंधरा मिनिटं थर समजावून सांगत होती. या वेळी मी ऐकलं.

तळावर सात चाळीसला पोचलो. रेयांश हातात दगड घेऊन पेटीसमोर बसला होता. त्यानं आम्हाला दहा मिनिटं जास्त दिली होती. मंजिरीनं मला पाहिलं, खांदे, गुडघे, घोटे धंद्याच्या सवयीनं तपासले आणि मग एकच वाक्य म्हणाली, ते इथे लिहीत नाही. मी सहावं कुलूप काढलं. रेयांशच्या फोनमध्ये त्याच्या आईचे एकोणीस निरोप होते, सगळे जेवलास का असे.

चढायला अडीच तास लागले. शेवटच्या टप्प्यात माझी पिशवी रेयांशनं घेतली आणि मी परमिटवर त्याची नोंद केली नाही.

कुणाला जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पाणी माणशी पाच लिटरपेक्षा कमी नको. थंडीचे कपडे न्या, उन्हाच्या देशात आहोत या भ्रमात राहू नका. कचरा परत आणा. पोरांना सहा आठवडे शिकवा, ती ऐकत नाहीत असं वाटतं, पण ऐकतात. आणि एक फोन कुलपाबाहेर ठेवा.

रात्री घरी पोचलो. पिशव्यांतली वाळू अजून बाल्कनीत निघते आहे. रविवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, मी कामावरून आलो तेव्हा फॉर्म फ्रिजवर नव्हता, जेवणाच्या टेबलावर होता. त्याच्यावर पेन होतं.

"आम्ही दोघींनी आमची कुलपं केव्हाच काढली," मंजिरी भाजी चिरता चिरता म्हणाली. "पेटी तुझ्यासाठी अडलीय."

मी सही केली. ठरल्याप्रमाणे ती निभावली होती, त्यात वादच नव्हता. नापास मी झालो होतो, आणि मलाच शोधून आणून तिनं पास झाल्याचा कागद मिळवला होता. तरी सही सोपी गेली नाही. चौदा वर्षं मी तिच्यासाठी दारं उघडत आणि बंद करत आलोय.

सईनं फॉर्म उचलला, नीट घडी घालून पाकिटात ठेवला. मग पेटीजवळ जाऊन तिच्या नावाचं लाल कुलूप घेतलं.

"हे नेते मी. होस्टेलच्या कपाटाला होईल."

"ने," मी म्हणालो. "दुसरी किल्ली माझ्याकडे ठेव."

"दुसरी किल्ली नसते बाबा," ती म्हणाली. "तूच शिकवलंस."